मल्टीमीटर घेताय? बारा व्होल्टसाठी नको, दोनशे तीस व्होल्टसाठी निवडा

कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान टाकायला निघालेल्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, एसएमपीएसचे व्होल्टेज चेक करायला कुठला मल्टीमीटर घेऊ?" विचारणाऱ्याला एका मॉडेलचं नाव हवं असतं, म्हणजे लगेच ऑर्डर टाकता येते. व्हिडिओत मी मीटर हातात धरून दाखवतो, पण हिशोब सांगायला तिथे वेळ पुरत नाही. तो इथे मांडतोय, कारण या खरेदीत बहुतेकजण चुकीच्या गोष्टीला पैसे देतात आणि ज्याला द्यायला हवेत ती गोष्ट बघतही नाहीत.

आधी तुमचं गिऱ्हाईक कोण ते बघा. पुण्या-मुंबईत लोक सीपीयू उचलून दुकानात आणतात. बारामती-इंदापूर पट्ट्यात काम वेगळं चालतं. दूध संकलन केंद्रावर पहाटे कॅनची रांग लागलेली असते, फॅट मशीन आणि वजनकाटा कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि नेमका तेव्हाच सीपीयू चालू होत नाही. गाळप हंगामात कारखान्याच्या काट्यावर उसाचे ट्रॅक्टर उभे असतात. पतसंस्थेला दिवसाचा हिशोब बंद करायचा असतो. सेवा केंद्रावर पीक विम्याची शेवटची तारीख असते. यातला कोणीही मशीन घेऊन तुमच्याकडे येत नाही, तुम्हालाच जावं लागतं. बारामतीतून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाऊन यायचं म्हणजे शंभरेक किलोमीटर झाले. गाडीने लिटरला पन्नास दिले तरी दोन लिटर पेट्रोल आणि अर्धा दिवस गेला. अंदाजाने एसएमपीएस बदलून आलात आणि दुसऱ्या दिवशी "परत बंद पडला" असा फोन आला, तर पहिल्या फेरीतला नफा दुसऱ्या फेरीत संपतो. तिसरी फेरी तुमच्या खिशातून होते. या धंद्यात पहिल्याच फेरीत दोष कुठे आहे ते कळणं, हीच कमाई आहे. मीटर त्यासाठी घ्यायचा.

अचूकतेचं भूत

दुकानदार तुम्हाला काउंट, डिजिट, अचूकता यांच्या गोष्टी सांगेल. त्या ऐका, पण आधी एक गणित करा.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसचं एटीएक्स हे मानक इंटेलने १९९५ मध्ये आणलं. त्यात १२, ५ आणि ३.३ या तिन्ही मुख्य व्होल्टेजना पाच टक्के इकडे-तिकडे व्हायची मुभा आहे. म्हणजे पिवळ्या वायरवर ११.४० ते १२.६० चालतं, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारंगीवर ३.१४ ते ३.४७. निळ्या वायरवरच्या उणे १२ ला तर दहा टक्के सूट आहे. आजकाल त्याचा उपयोगही फारसा उरलेला नाही.

आता मीटरकडे या. साध्या साडेतीन डिजिटच्या मीटरवर १९९९ पर्यंत आकडा येतो. २० व्होल्टच्या रेंजवर तो ०.०१ व्होल्टपर्यंत दाखवतो. समजा त्याच्या माहितीपत्रकात "अर्धा टक्का अधिक दोन डिजिट" असं लिहिलंय. १२ व्होल्टचा अर्धा टक्का ०.०६, त्यात दोन डिजिटचे ०.०२ मिळवा. जास्तीत जास्त चूक झाली ०.०८ व्होल्ट. तुम्हाला बघायची असलेली खिडकी मात्र १.२ व्होल्ट रुंद आहे! म्हणजे आकडा अगदी काठावर नसेल, तर साधा मीटरसुद्धा एसएमपीएस पास की नापास हे बरोबर सांगतो.

अजून एक गंमत. ६००० काउंटचा मीटर घ्या म्हणून आग्रह होतो. चांगलाच असतो तो. पण १२ व्होल्ट मोजताना तो ६० च्या रेंजवर जातो आणि तिथेही ०.०१ व्होल्टच दाखवतो. म्हणजे ज्या वायरवर तुम्ही सगळ्यात जास्त वेळा प्रोब लावणार, तिथे २००० आणि ६००० काउंटमध्ये एका दशांश स्थळाचाही फरक पडत नाही. ५ आणि ३.३ वर पडतो, पण तिथल्या तिसऱ्या दशांश स्थळाने तुमचा कुठलाच निर्णय बदलत नाही.

मग महाग मीटर घ्यायचाच कशाला? दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मीटर का नको? कारण तुम्ही त्या मीटरने फक्त १२ व्होल्ट मोजणार नाही.

खरा धोका भिंतीतल्या बोर्डात आहे

गिऱ्हाइकाकडे गेलात की सीपीयू उघडायच्या आधी तुम्ही काय करता? सॉकेटमध्ये लाईट आहे का ते बघता, नसलं बघत तर बघायला लागा. म्हणजे मीटरचे प्रोब पहिल्यांदा २३० व्होल्टमध्ये जातात. आणि आपल्याकडे ते २३० नावालाच असतात. शेतीपंपांची थ्री फेज लाईट आली आणि मोटारी चालू झाल्या की वस्तीवरचं व्होल्टेज खाली जातं, मोटारी बंद झाल्या की वर येतं. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे डीपीजवळ किंवा लाईनवर न्यूट्रल तुटणं. मग दोन फेजमधले ४०० व्होल्ट घराघरांतल्या लोडप्रमाणे वाटले जातात. एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरात टीव्ही, फ्रिज, सीपीयू एकदम जळतात. अशा गावात "काल रात्रीपासून काहीच चालू होत नाही" म्हणून बोलावणं येतं आणि तुम्ही सॉकेटमध्ये प्रोब घालता. त्या क्षणी तिथे २३० आहेत की ३५०, हे तुम्हाला ठाऊक नसतं. ते बघायलाच तर तुम्ही मीटर लावताय.

म्हणून मीटरवर पहिली गोष्ट बघायची ती कॅट रेटिंग. प्रोब लावायच्या भोकांजवळ इंग्रजीत सी-ए-टी आणि पुढे रोमन आकडा छापलेला असतो. कॅट दोन म्हणजे सॉकेटला जोडलेल्या उपकरणांसाठी. कॅट तीन म्हणजे मेन स्विच, डिस्ट्रिब्युशन बोर्ड, इमारतीतली पक्की वायरिंग यांच्यासाठी. कॅट चार म्हणजे थेट मीटरपेटीकडे येणारी लाईन, तिथे तुमचं काही काम नाही. या रेटिंगचा नेहमीच्या व्होल्टेजपेक्षा लाईनवर क्षणभर येणाऱ्या झटक्याशी जास्त संबंध आहे. कॅट तीन, ६०० व्होल्ट असं खरं रेटिंग असलेल्या मीटरने ६,००० व्होल्टचा क्षणिक झटका सहन करायचा असतो. कॅट दोन, ६०० व्होल्टसाठी हाच आकडा ४,००० आहे. वीज कडाडतेय, डीपीवर ठिणग्या उडतायत आणि तुम्ही प्रोब धरून बसलाय, अशी वेळ पावसाळ्यात येतेच. आपल्या भागासाठी माझं मत पक्कं आहे: कॅट तीन, ६०० व्होल्टच्या खाली जाऊ नका.

छापलेलं सगळं खरं असतं असंही नाही. कॅट तीन छापायला फक्त शाई लागते. म्हणून मागचं झाकण उघडून फ्यूज बघा. काचेचा छोटा फ्यूज दिसला आणि त्यातली तार आरपार दिसत असेल, तर मीटर कितीही जाड रबरात गुंडाळलेला असला तरी तो सॉकेटमध्ये लावायच्या लायकीचा धरू नका. चांगल्या मीटरमध्ये चिनी मातीचा, आत वाळू भरलेला एचआरसी फ्यूज असतो. तो उडताना आतली ठिणगी वाळूत विझते. काचेचा फ्यूज मोठ्या करंटला फुटतो आणि ठिणगी चालूच राहते.

फ्यूज एवढा महत्त्वाचा का, तेही सांगतो. मीटरला १० अँपिअरचं वेगळं भोक असतं. कोणीतरी करंट मोजून लाल लीड त्या भोकात तशीच ठेवतो. दुसऱ्या दिवशी दुकानातला पोऱ्या मीटर उचलतो, नॉब व्होल्टवर फिरवतो आणि प्रोब सॉकेटमध्ये घालतो. नॉब काहीही सांगू दे, त्या भोकातून मीटर म्हणजे सरळ जाड तार असते. फेज आणि न्यूट्रल शॉर्ट! दोनशेवाल्या पिवळ्या मीटरमध्ये या भोकाला बहुधा फ्यूजच नसतो, तसं भोकाशेजारी बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. मग प्रोबची टोकं वितळतात, चेहऱ्यासमोर जाळ होतो. दुकानात मदतीला मुलं ठेवणार असाल तर हा एक परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. एसएमपीएसच्या कामात १० अँपिअरचं भोक जवळजवळ लागत नाही. मी तर त्यावर चिकटपट्टी लावायला सांगतो.

"सीपीयूला हात लावला की झिणझिण्या येतात"

ही तक्रार गावाकडे इतकी नेहमीची आहे की लोक ती तक्रार म्हणून सांगतही नाहीत. लाकडी खुर्चीत पाय वर घेऊन बसतात, एवढंच. तुम्ही मात्र मीटर काढा, कारण इथे तुम्ही एसएमपीएस बदलणाऱ्या इतरांपेक्षा वेगळे ठरता.

एसएमपीएसच्या आत फिल्टरसाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. बॉडीला अर्थिंग असेल तर काही प्रश्न येत नाही. अर्थिंग नसेल तर हे दोन कपॅसिटर व्होल्टेज निम्मं निम्मं वाटून घेतात आणि सीपीयूच्या पत्र्यावर साधारण निम्मे, म्हणजे शंभर-एकशेपंधरा व्होल्ट येतात. यात एसएमपीएसचा दोष नाही! नवा बसवला तरी झिणझिण्या राहणार, गिऱ्हाईक म्हणणार, "बदलून काय फरक पडला?" एका मशीनचा हा करंट फार थोडा असतो. पण एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चार मशीन असतील तर चौघांची बेरीज पत्र्यावर येते. खाली दूध संकलन केंद्राची ओली फरशी असेल तर हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. आणि अर्थिंग नसताना एखाद्या मशीनमध्ये फेजच बॉडीला टेकला, तर तो पत्रा पूर्ण २३० व्होल्टचा होतो. कुठला फ्यूज उडत नाही की एमसीबी पडत नाही.

तपासणी दोन मिनिटांची आहे. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये तीन रीडिंग घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरी दोन-चार व्होल्ट असली तर बरं चाललंय. फेज-अर्थमध्ये भलताच आकडा आला, किंवा न्यूट्रल-अर्थमध्ये तीस-चाळीस दिसले, तर अर्थिंग नाही किंवा न्यूट्रल ढिला आहे. एक काळजी घ्या. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे कुठेच न जोडलेल्या वायरवरही तो भुताटकीसारखे ७०-८० व्होल्ट दाखवतो. आकडा खरा की भुताचा हे बघायला वायरमनचा जुना टेस्ट लॅम्प अजूनही उपयोगी आहे, पण तो वायरमनच्याच हाती असू द्या. अर्थिंगचा खड्डा करायचं कामही त्याचंच, तुमचं नाही. तुम्ही रीडिंग लिहून द्या आणि गिऱ्हाइकाला सांगा, "हे करून घ्या, मग मी नवीन एसएमपीएस लावतो." पहिल्यांदा तोंड वाकडं करतील. पण तीन महिन्यांत तीन एसएमपीएस जळालेल्या माणसाला हे सांगणारा तुम्ही पहिलाच असाल.

यूपीएसचंही बघा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की लाईटसारखी गोल लहर देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची देतो. साधा मीटर गोल लहर गृहीत धरून आकडा काढतो, त्यामुळे पायरीच्या लहरीवर तो चुकतो. चांगला यूपीएस खराब ठरवून तुम्ही मोकळे होता. इथे ट्रू आरएमएस मीटर लागतो. डीसी व्होल्ट मोजायला ट्रू आरएमएसचा काडीचाही फायदा नाही, हे दुकानदार सांगत नाही. पण यूपीएसचं काम करणार असाल, आणि इथे कोण करत नाही, तर त्याचे जादा पैसे वसूल होतात.

आता एसएमपीएसला प्रोब लावा

मेलेला सीपीयू समोर आहे, बटण दाबलं तरी काही हलत नाही. सॉकेटचं व्होल्टेज बघून झालंय. केबल लावलेली ठेवा, मदरबोर्डचा २४ पिनचा कनेक्टर काढू नका. मीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब कुठल्याही काळ्या वायरला, शक्यतो क्रोकोडाइल क्लिपने अडकवा, म्हणजे एक हात मोकळा राहतो. लाल प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायर आत जाते तिथून घाला.

पहिली जांभळी वायर. मशीन बंद असतानाही तिथे ५ व्होल्ट हवेत. नसतील, सॉकेटला लाईट असेल आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच चालू असेल, तर एसएमपीएस गेला असं समजायला हरकत नाही. खात्रीसाठी कनेक्टर काढून पुन्हा जांभळी बघा, कारण मदरबोर्ड शॉर्ट असेल तरी ती खाली बसते. जांभळी ठीक असेल तर हिरवी. बटण दाबायच्या आधी तिथे काही व्होल्ट दिसतात आणि बटण दाबलं की ते जवळजवळ शून्यावर यायला हवेत. हिरवी खाली येतच नसेल, तर एसएमपीएसला "चालू हो" असं कोणी सांगितलेलंच नाही. दोष बटणात, त्याच्या वायरीत किंवा मदरबोर्डमध्ये आहे. इथे एसएमपीएस विकणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आणि तुमचं नाव दोन्ही घालवणं. हिरवी खाली आली तरी पंखा फिरत नसेल, किंवा क्षणभर फिरून थांबत असेल, तर एसएमपीएस किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट. शेवटी करडी वायर: सगळे व्होल्टेज जागेवर आले की एसएमपीएस तिथे साधारण ५ व्होल्ट देऊन मदरबोर्डला हिरवा कंदील दाखवतो. बाकी सगळं असून करडी शून्य असेल तर मशीन पंखे फिरवत नुसतं बसून राहतं.

मशीन चालू होऊन मध्येच रिस्टार्ट होत असेल तर खरं रीडिंग लोडवर घ्यायचं. हिरवी आणि काळी तारेने जोडून एसएमपीएस टेबलावर फिरवायचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. त्याने पंखा फिरतो, एवढंच कळतं. लोड नसताना बहुतेक आजारी एसएमपीएससुद्धा १२.१ दाखवतात. मशीनमध्ये लावून, काम चालू असताना १२ चं रीडिंग बघा. मीटरला मिन-मॅक्स बटण असेल तर ते दाबून दहा मिनिटं चहा प्या, तेवढ्यात सगळ्यात खालचा आकडा मीटर धरून ठेवतो. ११.४० च्या खाली गेला असेल तर एसएमपीएस बदला. दुकानात टेबलावर लोड हवा असेल तर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब पिवळ्या-काळ्यावर लावा, पावणेदोन अँपिअर ओढतो. फक्त एक लक्षात असू द्या. जुन्या स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ एकाच दोरीला बांधलेले असतात. नुसत्या १२ वर लोड टाकला की १२ थोडे खाली आणि ५ थोडे वर जातात. त्यावर लगेच निकाल देऊ नका.

ब्रँडेड ऑफिस पीसी, म्हणजे बँका-पतसंस्थांतून सेकंडहँड येतात तसले, उघडलेत तर रंगांवर विसंबू नका. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये कनेक्टर वेगळा असतो आणि एसएमपीएस फक्त १२ व्होल्ट देतो, बाकीचे मदरबोर्ड स्वतः बनवतो. आधी एसएमपीएसवरचं लेबल वाचा, मग प्रोब लावा.

मीटरने न दिसणारी एक गोष्टही आहे: रिपल. १२ व्होल्टच्या सरळ रेषेवर बारीक लाटा असतात आणि एटीएक्स मानकाने त्यांना १२० मिलिव्होल्टपर्यंत परवानगी दिली आहे, ५ आणि ३.३ वर ५० मिलिव्होल्ट. कपॅसिटर फुगले की या लाटा वाढतात. मीटर सरासरी १२.०५ दाखवतो आणि मशीन हँग होत राहतं. ते बघायला ऑसिलोस्कोप लागतो. सुरुवातीला तो घेऊ नका, पैसे अडकतील. एक खात्रीचा चालू एसएमपीएस बॅगेत ठेवा, लावून बघा. तुमच्या धंद्याला तोच स्वस्तातला ऑसिलोस्कोप आहे.

आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. २३० व्होल्ट एसी सरळ केले की ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि ते आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. केबल काढल्यावरही काही काळ राहतात. नवीन एसएमपीएसच्या किमतीपुढे दुरुस्तीचा धंदा तसाही परवडत नाही.

मग घ्यायचा कुठला

अंदाजे हजार ते अडीच हजार रुपयांत ऑटोरेंज, ट्रू आरएमएस, डिस्प्लेला लाईट आणि कॅट तीन ६०० व्होल्ट असा मीटर मिळायला हवा, घ्यायच्या दिवशीचे भाव बघून घ्या. नाव हवं असेल तर आपल्याच राज्यातली बघा. नाशिकची ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स १९८२ पासून मोजमापाची उपकरणं बनवते, नवी मुंबईत महापेला मेको आहे, आणि आयटीआयमध्ये शिकलेल्यांनी नाशिकच्या मोटवानेचा काट्याचा मीटर हाताळलेला असेल. जवळची कंपनी असली की फ्यूज, लीड आणि सर्व्हिस मिळण्याची शक्यता वाढते. चिनी कंपन्यांमध्येही चांगले मीटर आहेत, पण बिल आणि वॉरंटी देणाऱ्याकडूनच घ्या. फ्लूकसारखा मीटर आयुष्यभर टिकतो, मात्र त्याचं चांगलं मॉडेल पाच आकड्यांत जातं. कारखान्यांच्या मेंटेनन्सची कामं घ्यायला लागाल तेव्हा घ्या.

ऑनलाइन घेण्यापेक्षा एकदा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन हातात घेऊन बघा. नॉब घट्ट फिरतो का, कंटिन्युइटीचा आवाज प्रोब टेकवल्याबरोबर येतो का, प्रोबची टोकं कनेक्टरच्या मागून शिरतील इतकी बारीक आहेत का. लीडवरही कॅट रेटिंग छापलेलं असतं, ते बघा. मीटर कॅट तीन आणि लीड साध्या असतील तर सगळं मिळून साधंच. वायरच्या जवळ नेलं की वाजणारी एनसीव्ही सोय असेल तर असू दे, पण ती वाजली नाही म्हणून लाईट नाही असं समजू नका. लाईट नाही हे ठरवायचं तर मीटर आधी चालू सॉकेटवर लावून बघा, मग बंद जागी, मग परत चालू सॉकेटवर. मधल्या वेळात मीटरच बंद पडला नाही ना, हे त्याने कळतं.

पिवळा मीटर आधीच असेल तर फेकू नका. १२ व्होल्ट आणि त्याखालच्या कामाला, म्हणजे सीएमओएसचा सेल, सीसीटीव्हीची सप्लाय, यूपीएसची बॅटरी, तो ठीक आहे. त्याची ९ व्होल्टची बॅटरी मात्र वेळेवर बदला, ती उतरली की आकडे भलतेच येतात, बहुधा वाढवून. नवा मीटर आणल्यावर दोन्ही एकाच बॅटरीवर लावा आणि आकडे जुळतात का बघा. बारामती आणि इंदापूर दोन्हीकडे आयटीआय आहे. तिथल्या एखाद्या सरांची ओळख असेल तर त्यांच्या मीटरशीही एकदा पडताळून घ्या.

आता पैशाचं. मीटर घेतलात तर तपासणीची फी लावा आणि ती फोनवरच सांगा. फुकट तपासणी करणाऱ्याला एसएमपीएस विकल्याशिवाय परतणं परवडत नाही, मग तो विकतोच. फी घेणारा माणूस "तुमचा एसएमपीएस चांगला आहे" असं म्हणू शकतो. त्या फीच्या बदल्यात गिऱ्हाइकाच्या हातात एक कार्ड द्या: तारीख, वेळ, सॉकेटची तीन रीडिंग, जांभळी, पिवळी, लाल, नारंगी, आणि लोडवर सगळ्यात खाली गेलेला आकडा. एक फोटो तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी तेच मशीन पुन्हा बंद पडलं की जुन्या कार्डावर पिवळी १२.०८ होती आणि आज ११.५२ आहे, हे तुम्ही बारामतीतल्या दुकानात बसून फोनवर विचारू शकता, जर त्या डेअरीवरच्या पोराला तुम्ही प्रोब कुठे लावायचा ते दाखवून ठेवलं असेल. त्याला फक्त १२ व्होल्टच्या बाजूचं दाखवा, सॉकेटचं नको.